हात हलवण्यापलीकडचा व्हिडिओ कॉल: दोन शाळांनी मिळून पृथ्वी मोजायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवीचा ३८ मुलांचा वर्ग, एक स्मार्ट टीव्ही, शिक्षकांचे दोन फोन, आणि रेंज कधी असते कधी नसते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेला व्हिडिओ कॉल लावला. मुलांनी हात हलवले, "तुमच्याकडे पाऊस आहे का?" असं विचारलं आणि पाच मिनिटांत सगळी गप्प झाली. वर्गात गट पाडले तर दोघं काम करतात, बाकीची बघत बसतात. मुलं मनापासून गुंतावीत आणि एकमेकांकडून शिकावीत, म्हणून नेमकं काय करायचं?

मुलं गप्प झाली, यात त्यांचा दोष नाही. समोरच्या शाळेकडून त्यांना काही हवंच नव्हतं. आपल्याला हवी असलेली वस्तू फक्त समोरच्याकडे असते, तेव्हाच माणूस खरं बोलतो, प्रश्न विचारतो, हट्ट धरतो. गटकामाचंही तेच. चौघांचं काम एकटा उरकू शकत असेल, तर तो ते उरकणारच, आणि उरलेले तिघे शहाण्यासारखे बाजूला होणार. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांसाठी 'जिगसॉ' पद्धत तयार केली, तिचा गाभा हाच आहे: धड्याचा प्रत्येक तुकडा एकेकाच मुलाकडे द्यायचा, म्हणजे त्याचं ऐकल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होत नाही. दोन शाळा जोडताना हीच अट लावायची. एका शाळेला एकटीने सुटणारच नाही, असा प्रश्न शोधायचा.

असे प्रश्न बरेच आहेत, पण एकच घेऊन तपशिलात जाऊ, कारण खरी अडचण तपशिलातच येते. प्रश्न असा: दुपारच्या सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढायचा. इसवी सनापूर्वी २४० च्या सुमारास इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने तो काढला होता. इजिप्तमधल्या सायीनला उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर यायचा. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला असायचा. ७.२ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप) धरलं, म्हणून परीघ २,५०,००० स्टेडिया. यात एक गाव वगळलं की हिशेबच उभा राहत नाही. आपल्याला हवा तो गुण नेमका हाच.

जोडीदार शाळा कुठली घ्यायची

इथेच पहिली चूक होते. शाळा नुसती लांबची असून भागत नाही. ती उत्तरेला किंवा दक्षिणेला लांब हवी. मुंबई आणि नागपूर एकमेकांपासून सुमारे ७०० किलोमीटरवर आहेत, पण अक्षांशांत फरक जेमतेम २ अंशांचा. सावलीच्या कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली तर २ अंशांतला पाव भाग गेला. म्हणून निदान ४ अंशांचं अंतर असावं. कोल्हापूर आणि जळगाव चालतील. बेळगाव आणि इंदूर त्याहून चांगले, दोन्हीकडे मराठी बोलणारी मुलंही मिळतात. महाराष्ट्राच्या आतलीच जोडी हवी असेल तर सावंतवाडी आणि नंदुरबार फार सोयीची. सावंतवाडीचा अक्षांश सुमारे १५.९ अंश, नंदुरबारचा २१.४. रेखांश जवळजवळ सारखे, त्यामुळे दोन्हीकडे सूर्य माथ्याच्या रेषेवर दीड-दोन मिनिटांच्या फरकाने येतो आणि दोन्ही वर्ग एकाच वेळी मैदानात असतात. पुढचे सगळे आकडे याच जोडीचे आहेत.

तारीख डिसेंबरातली घ्या, १९ ते २४ च्या दरम्यानची. बरेच जण २२ सप्टेंबर किंवा २१ मार्च सुचवतात, कारण पुस्तकात विषुवदिन असतो. पण सप्टेंबरात कोकणात ढग असतात, आणि दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे: विषुवदिनाच्या आसपास सूर्य रोज सुमारे ०.४ अंश सरकतो. एका शाळेने सोमवारी मोजलं, दुसरीने ढगांमुळे मंगळवारी, तर उत्तर एवढ्यानेच ७ टक्क्यांनी बिघडतं. २१-२२ डिसेंबरच्या आसपास सूर्य जागच्या जागी थबकल्यासारखा असतो. तीन दिवस इकडेतिकडे झाले तरी फरक ०.०३ अंशाचा, म्हणजे परिघात अडीचशे किलोमीटरच्याही आत. हवेवर, सहलीवर, स्नेहसंमेलनाच्या तालमीवर वेळापत्रक अवलंबून असलेल्या शाळांना ही सवलत लाखमोलाची.

या दिवसांत सावंतवाडीला सर्वांत आखूड सावली साधारण १२ वाजून ३३ मिनिटांनी पडते, नंदुरबारला त्याच्या दीड-दोन मिनिटं आधी. घड्याळातले बारा म्हणजे माथ्यावरचा सूर्य नव्हे, हे मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. मात्र नेमकी हीच वेळ पोषण आहाराची असते. खिचडी समोर आल्यावर कोणीही काठीजवळ उभं राहणार नाही, राहूही नये. मुख्याध्यापकांशी आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी आठवडाभर आधी बोलून त्या वर्गाचं जेवण त्या दिवसांपुरतं १ वाजता ठेवा. बारीकशी गोष्ट वाटते, पण उपक्रम बारगळण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

मुलांना जोडण्याआधी शिक्षकांनी जुळवायच्या गोष्टी

दोघा शिक्षकांनी आधी फोनवर पाऊण तास बोलून काही गोष्टी पक्क्या कराव्यात: काठीची उंची बरोबर १०० सेंमी, मोजमाप मिलिमीटरमध्ये, सावलीच्या टोकाच्या खुणा १२.१० ते १२.५५ दर पाच मिनिटांनी, आकडा पाठवायची शेवटची वेळ दुपारी २, आणि जोडगट. शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे.

३८ मुलांचे नऊ गट होतात, सात गट चौघांचे आणि दोन पाच जणांचे. समोरच्या शाळेनेही नऊच गट करावेत, मग तिथे एका गटात तीन मुलं असोत की पाच. इथला पहिला गट आणि तिथला पहिला गट मिळून एक जोडगट. प्रत्येक जोडगटाचा परीघ वेगळा निघतो, आणि तो निम्मा इथल्या काठीवर, निम्मा तिथल्या काठीवर उभा असतो. शाळेची सरासरी काढून दुसऱ्या शाळेला पाठवायचा मोह टाळा. सरासरीत प्रत्येक मुलाची जबाबदारी विरघळून जाते. 'आमचा' आकडा आणि 'त्यांचा' आकडा समोरासमोर असतात तेव्हाच, "अरे, तुमची काठी सरळ होती का?" हा प्रश्न तोंडातून निघतो.

गटातली कामं चार: ओळंबा बघणारा, वेळ सांगणारा, खूण करणारा, नोंद घेणारा. गट पाचांचा असेल तर पाचवा जोडगटाशी बोलणारा; नाहीतर नोंद घेणाराच बोलतो. सरावाच्या प्रत्येक दिवशी कामं फिरवा. फिरवली नाहीत तर सुंदर अक्षराची मुलगी वर्षभर नोंदच घेत राहते आणि काठीला तिचा हात कधीच लागत नाही.

पहिला सराव बिघडू द्या

साहित्य साधंच आहे. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा सरळ तुकडा, ओली वाळू भरलेला तेलाचा डबा, सुतळी, ओळंब्यासाठी एक जड नट, मोजपट्टी, खडू. नंतर लागेल ते चार फूट बाय दोन फुटांचं प्लायवुड आणि एक पाणसळ. मुलांपैकी कोणाचे वडील गवंडी असतील तर पाणसळ आणि खरा ओळंबा त्यांच्याकडून एका दिवसासाठी मिळतो, आणि ते वडीलच दहा मिनिटं येऊन दाखवून गेले तर फारच उत्तम.

पण पहिल्या सरावाला हे सगळं देऊ नका. नुसती काठी, पट्टी आणि खडू द्या. नऊ गट एकाच मैदानात, एकाच वेळी, एकाच उंचीच्या काठीची सावली मोजतील, आणि फळ्यावर नऊ वेगवेगळे आकडे येतील. सावंतवाडीला ८० सेंमीच्या आसपास यायला हवी, तिथे ७७ ते ८३ असं काहीही येईल. आकडे फळ्यावर लिहा आणि एकच प्रश्न विचारा: "सूर्य एक, मैदान एक, वेळ एक, मग सावल्या नऊ का?" आणि मग थांबा. खरोखर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात; हा वेळ तीन सेकंदांवर नेला तरी उत्तरं लांब होतात आणि जास्त मुलं बोलू लागतात. इथे तीन सेकंदही कमी पडतील. मनातल्या मनात दहा आकडे मोजा.

काठी वाकडी होती, हे कोणीतरी म्हणतंच. मग त्यांनाच मोजू द्या: काठी १ अंश कलली तर तिचं टोक पावणेदोन सेंमी सरकतं, आणि तेवढ्याने परिघाचं उत्तर चार हजार किलोमीटरहून जास्त चुकू शकतं. काश्मीर ते कन्याकुमारी अंतरापेक्षाही जास्त, तेही डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कलण्यामुळे. यानंतर ओळंबा वापरा हे सांगावं लागत नाही, मुलं मागतात.

जमीन हा दुसरा चोर. शाळांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक घालताना पाणी वाहून जावं म्हणून उतार ठेवतात. मीटरला एक सेंमी एवढा उतार सावलीच्या दिशेने असला तर सावली ७ मिमीने लांबते, आणि परीघ दीड-पावणेदोन हजार किलोमीटरनी हुकतो. म्हणून प्लायवुड. त्याच्या खाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून पाणसळीचा बुडबुडा दोन्ही दिशांनी मधोमध आणायचा.

तिसरी गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. मुलं सावलीच्या टोकाशी वाकतात आणि भांडायला लागतात: एक म्हणते सावली इथे संपली, दुसरा म्हणतो अजून पुढे आहे. दोघंही बरोबर असतात. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीचं टोक दीड ते दोन सेंमी लांबीत हळूहळू विरत जातं. गडद करड्यातून फिकट करडं, त्यातून ऊन. खडू टेकवायचा कुठे? उपाय सोपा आहे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा काठीच्या माथ्यावर आडवा चिकटवायचा आणि त्याच्या पुढे आलेल्या भागाला ४ मिमीचं भोक पाडायचं. आता सावलीच्या मध्ये उन्हाचा एक लंबगोल ठिपका पडतो. ठिपक्याच्या दोन्ही कडांना बारीक खूण करायची आणि मधला बिंदू धरायचा. भोक प्लायवुडपासून १०० सेंमीवर हवं, आणि ओळंबा याच भोकातून सोडून त्याच्या खालचा बिंदू प्लायवुडवर उमटवायचा. असं केलं की काठी थोडी वाकडी असली तरी बिघडत नाही, कारण आता मोजमाप भोकापासून आहे, काठीपासून नाही. एखादा गट हे स्वतःहून ओळखतो. तो ओळखेपर्यंत तुम्ही सांगू नका. फारतर दुसऱ्या सरावापर्यंत वाट पाहा.

हीच ती जागा जिथे दुसऱ्या शाळेची गरज पहिल्यांदा भासते. इथल्या गटाला पुठ्ठ्याची युक्ती सुचली, पण तिथल्या जोडीदाराची सावली अजून विरलेलीच आहे. आपलं उत्तर नीट यायचं असेल तर त्यांना शिकवावं लागेल. मग मुलं एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज करतात, पुठ्ठ्याचं चित्र काढून त्याचा फोटो पाठवतात, आणि पलीकडून "भोक केवढं?" असा प्रश्न येतो. ते चित्रात लिहायचं राहून गेलेलं असतं. सूचना लिहिताना काय सुटतं हे मुलांना समोरचा माणूस चुकल्यावरच कळतं. भाषेच्या तासाला शंभर वेळा सांगून कळत नाही.

बोलायचं कसं

सगळा वर्ग एका फोनसमोर बसवून रोज व्हिडिओ कॉल लावू नका. ३८ मुलं, एक माइक, पत्र्याचं छप्पर, त्यात घुमणारा आवाज. काहीच ऐकू येत नाही, आणि ऐकू न आलेल्या मुलाला गप्प राहण्याचं निमित्त मिळतं. रोजचा व्यवहार पाठवून ठेवायच्या निरोपांनी करा: गटाला दिवसाला एक व्हॉइस मेसेज, जास्तीत जास्त एक मिनिटाचा, आणि नोंदवहीच्या पानाचा एक फोटो. दोन्ही शिक्षकांच्या फोनवरूनच. रेंज नसेल तर संध्याकाळी गेला तरी चालतो. मेसेज बोलण्याआधी गटाला त्याचे तीन मुद्दे कागदावर लिहायला लावा. नाहीतर पन्नास सेकंद "हॅलो, आवाज येतोय का"मध्ये जातात.

मुलांचे किंवा घरचे नंबर कुठल्याही ग्रुपमध्ये घालू नका. फोटो काठीचा, हाताचा, वहीचा काढा, चेहऱ्याचा नको. डिजिटल व्यक्तिगत विदेच्या (डेटाच्या) २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि पालकांची संमती लागते; चेहरे, नावं, नंबर मध्ये आणलेच नाहीत तर मुलांची काळजीही घेतली जाते आणि तुमच्या डोक्याचा तापही वाचतो. आणि फोनचं काम घरी देऊ नका. घरात एकच फोन असतो आणि तो बहुधा भावाच्या हातात असतो. गृहपाठ फोनवर गेला की मुली गळतात.

बोलीचा प्रश्न येतो. मालवणी बोलणारा गट आणि अहिराणी किंवा भिली बोलणारा गट, दोघंही पुस्तकी मराठीत बोलायला गेले तर आखडतात. आपसातली चर्चा घरच्या बोलीत मनसोक्त होऊ द्या. मात्र पाठवायच्या निरोपासाठी पाच-सहा शब्द दोन्हीकडे सारखे ठरवा: पाया, टोक, खूण, ओळंबा, सर्वांत आखूड. 'पाया' म्हणजे काठीचं मूळ की ओळंब्याखालचा बिंदू, यावर एकदा तरी घोळ होतोच. तो झाला की शास्त्रात शब्द ठरवून का घेतात हे वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रश्न विचारायची सवय नसलेल्या मुलांना वाक्यांची सुरुवात हातात द्या. फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा: "तुमचा आकडा आम्हाला जास्त वाटतो, कारण…", "तुम्ही … कसं मोजलं?", "आमचं इथे चुकलं असेल…". तिसरं वाक्य सर्वांत अवघड जातं आणि सर्वांत उपयोगाचं आहे. दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी ते स्वतः एकदा मुलांसमोर म्हणून दाखवावं.

मोजणीचा दिवस आणि हिशेब

१२.१० पासून दर पाच मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खूण आणि शेजारी वेळ. ओळंब्याच्या बिंदूपासून प्रत्येक खुणेचं अंतर मोजायचं. सर्वांत कमी आलेलं अंतर ही आपली सावली. माथ्याच्या क्षणापासून पाच मिनिटं पुढे-मागे झाली तर सावली जेमतेम अर्धा मिमी बदलते, म्हणून पाच मिनिटांची खूण पुरते. पण वीस मिनिटं चुकली की सुमारे ९ मिमीचा फरक पडतो, म्हणून "आम्ही एकदाच साडेबाराला मोजलं" हे चालत नाही. घड्याळ पुढे असू शकतं.

आकडा शाईच्या पेनने लिहायचा, खाडाखोड करायची नाही, आणि समोरच्याचा आकडा येण्याआधी, हिशेबाआधी, पानाचा फोटो पाठवायचा. ही अट फार महत्त्वाची आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे हे मुलांना माहीत असतं. नसलं तर फोनला किंवा एआयला विचारून दोन सेकंदांत कळतं. म्हणून लपवू नका, पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाका. प्रश्न "परीघ किती?" हा नाहीच. प्रश्न आहे "तुमचं उत्तर ४०,००० पासून किती दूर आहे, आणि कशामुळे?" याचं उत्तर इंटरनेटवर कुठेच नाही, ते फक्त त्या आठ-नऊ मुलांच्या हातात आहे. उत्तर आधीच माहीत असलं की मुलं सावली दोन मिलिमीटर ढकलून आकडा जुळवतात, ही भीती खरी आहे. म्हणूनच आधी शाई आणि फोटो. आणि ३६,००० आलेल्या गटाने कारण नीट शोधलं, तर ४०,१०० आलेल्या पण काहीच सांगू न शकणाऱ्या गटापेक्षा त्याला जास्त गुण, हे आधीच जाहीर करा.

हिशेब असा. सावंतवाडी ८२.० सेंमी, नंदुरबार ९९.३ सेंमी. सावलीला उंचीने भागायचं: ०.८२० आणि ०.९९३. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात त्रिकोणमिती नववीत येते, त्यामुळे सूर्य माथ्यापासून किती अंश कललाय हे या भागाकारावरून सांगणारा एक छोटा तक्ता आठवीला तुम्ही करून द्या: ०.८० ला ३८.६६ अंश, ०.८२ ला ३९.३५, ०.९८ ला ४४.४२, ०.९९ ला ४४.७१, १.०० ला ४५, आणि मधले आकडे मुलांनी प्रमाणात काढायचे. कोन येतात ३९.३५ आणि ४४.८०, फरक ५.४५ अंश. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ६०५ किलोमीटर. ६०५ गुणिले ३६०, भागिले ५.४५, म्हणजे सुमारे ३९,९६० किलोमीटर. चित्र काढून कोनमापकाने कोन मोजायचा पर्यायही आहे, पण कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि तेवढ्याने उत्तर साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त हलतं. चित्र समजण्यासाठी जरूर काढा, आकड्यासाठी तक्ता वापरा.

अंतराची गंमत आहे. काही गट रस्त्याचं अंतर घेतात आणि उत्तर भलतंच फुगतं. घाटातली वळणं पृथ्वीच्या परिघात मोजली जातात. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून, उभ्या दिशेचं अंतर प्रमाणपट्टीवरून काढायला लावा. "एका अक्षांशाला १११ किलोमीटर" हे सूत्र मात्र वापरू देऊ नका, कारण त्यात उत्तर आधीच लपलेलं आहे. एखादी हुशार मुलगी म्हणेल, नकाशासुद्धा पृथ्वी मोजूनच काढलाय की! तिचं म्हणणं बरोबर आहे. तिला तो मुद्दा दुसऱ्या शाळेला पाठवू द्या, त्यावर दोन दिवस चर्चा चालते.

नऊ जोडगटांची नऊ उत्तरं लहान ते मोठी अशी मांडून मधलं, म्हणजे पाचवं, उत्तर दोन्ही शाळांचं म्हणून धरायचं. एखाद्याची काठी पडली असली तरी ते डळमळत नाही.

व्हिडिओ कॉल आता

हा एकमेव कॉल, पंचवीस-तीस मिनिटांचा, शेवटी. विषय फक्त तीन: सर्वांत जास्त हुकलेले तीन जोडगट. प्रत्येक वेळी कॅमेऱ्यासमोर त्या गटातली तीनच मुलं, फोन हातभर अंतरावर, बाकीचा वर्ग टीव्हीवर पाहतोय आणि कागदावर कारणाचा अंदाज लिहितोय. कोण बोलणार हे चिठ्ठी टाकून ठरवा, आणि चिठ्ठी निघेल हे पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा. कोणाचंही नाव येऊ शकतं म्हटल्यावर गट स्वतःच मागे पडलेल्या मुलाला समजावत बसतो. चिठ्ठीत निघालेल्याला अडलं तर गटाकडे वळून एकदा विचारायची मुभा द्या. अपमान होता कामा नये. बघ्यांचा प्रश्न बऱ्याच अंशी इथे सुटतो.

गुणही तसेच विभागा. दहापैकी चार गुण चिठ्ठीवाल्याच्या स्पष्टीकरणाचे, ते पूर्ण गटाला मिळतात. तीन प्रत्येकाने स्वतःच्या वहीत 'आपलं काय चुकलं' याचं जे विश्लेषण केलं त्याचे. तीन जोडगटाला पाठवलेल्या प्रश्नांचे आणि सूचनांचे. शेवटचे तीन गुण समोरच्या शाळेचा जोडगट देतो, कारणासह. "तुमच्या निरोपामुळे आम्ही पुठ्ठा बदलला" असं एक वाक्य पुरे.

एकूण तीन आठवडे लागतात: पहिल्यात प्रश्न आणि पहिला सराव, दुसऱ्यात दोन सराव आणि निरोप, तिसऱ्यात मोजणी, हिशेब, कॉल. तासिका विज्ञान, गणित आणि भूगोल यांच्यात वाटून घेतल्या तर कोणाचाच अभ्यासक्रम मागे पडत नाही. समोरची शाळा मध्येच सुटली तर खचू नका. डिसेंबरात दिवस हाताशी असतात, आणि दुसरी शाळा सापडली तर निव्वळ एका दिवसाच्या मोजणीवरही हिशेब पूर्ण होतो. म्हणून सुरुवातीलाच एक राखीव शाळा बघून ठेवा.

वर्ग यात रमला तर मार्चमध्ये पुढचा टप्पा आहे. मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबं आहेत, तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. विषुवदिनी एक मीटर काठीची सावली नंदुरबारला सुमारे ३९ सेंमी उत्तरेकडे पडेल आणि मॉरिशसला सुमारे ३७ सेंमी दक्षिणेकडे. इथे दिवस एकच पाळावा लागेल, कारण सूर्य आता रोज सरकतोय. जोडगट सवयीने कोनांची वजाबाकी करतील आणि परीघ दहा लाख किलोमीटरहूनही जास्त निघेल. कोन इथे मिळवायचे असतात. ते का, हे मात्र दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांकडून काढून घेऊ द्या.